चिकटवायची राहिलेली दुरुस्ती

माणूस समोर आला की लोक त्याचा चेहरा बघतात. मी दंड बघते. डावा दंड, कोपराच्या वर, जिथे देवी टोचलेल्याच्या दोन गोल खुणा असतात तिथे. लग्नात नवरीचा चुडा बघायला बायका गोळा होतात तेव्हा माझी नजर चुड्याच्या वर कुठेतरी अडकलेली असते. माझ्या भाचीने एकदा विचारलंसुद्धा, "आत्या, तू सगळ्यांचे ब्लाउज काय तपासतेस गं?" मी तिला दटावलं, दुसरं काय करणार. आता तर देवीचा रोगच जगातून गेला, नव्या पोरांच्या दंडावर ती खूण नसतेच. हे मला ठाऊक आहे. तरी कोरा दंड दिसला की मी पुन्हा वळून बघते.

ही गोष्ट घडली तेव्हा माझं वय सव्वीस होतं. आमचं मूळ घर गिरगावातलं, तीन पिढ्या कारकुनीत घालवलेलं. वडील गेल्यावर ते घर काकांकडे राहिलं आणि आई नि मी दादरला दोन खोल्यांत आलो. मी परळला आरोग्य खात्याच्या एका ऑफिसात नोकरीला लागले. लग्न जमत नव्हतं, त्याला माझं तोंड कारण, असं आई म्हणे. तोंड फटकळ होतंच. ऑफिसात मला पाठीमागे फौजदार म्हणत, आणि मला ते आवडत असे.

माझं काम कोणाला सांगितलं तर हसू यायचं. सरकारचं राजपत्र यायचं. त्यातून लस, साथी, सक्ती आणि सवलत ह्यांच्याबद्दल जे काही निघेल ते मी हुडकायचं. कुठल्या कलमात काय बदललं, कुठला शब्द गेला, कुठला आला, ते पट्टीसारखं कापून काढायचं आणि ऑफिसातल्या कायद्याच्या जाडजूड पुस्तकात त्या त्या ओळीवर चिकटवायचं. ह्या कागदाच्या पट्ट्यांना आम्ही दुरुस्त्या म्हणायचो. मैद्याची खळ मी स्वतः शिजवी, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घाली. निळसर, आंबूस वासाची ती खळ पितळेच्या वाटीत माझ्या टेबलावर कायम असे.

आमच्या ऑफिसात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. दुरुस्ती चिकटली की कायदा लागू. ती छापून आली, टपालातून आली, टेबलावर येऊन पडली, तरी पुस्तकात चिकटेपर्यंत तिला कोणी जुमानत नसे. वस्तीवस्तीतून देवी टोचत फिरणारे एक गृहस्थ आमच्याकडे होते. पन्नाशीचे, खाकी पिशवीवाले. डॉक्टर नव्हते, पण सगळी वस्ती त्यांना देवी डॉक्टर म्हणे, म्हणून आम्हीही म्हणायचो. ते रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारत, "बाई, आज नवीन काही चिकटलं का?" मी नाही म्हटलं की कालच्याच कायद्याने ते दिवसभर फिरत. परळपासून शीवपर्यंत आज कोणाला सुई लागणार नि कोण सुटणार ते माझ्या वाटीतल्या खळीवर ठरे. मी त्या तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरी दर बुधवारी मासे घेऊन एक कोळीण येई. शीव कोळीवाड्याची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाय. पाटी उतरवायच्या आधीच आमचं भांडण सुरू व्हायचं. मी पापलेटाचा गाल दाबून म्हणायची, कालचं आहे. ती म्हणायची, "कालची तू असशील." मी आवाज चढवला की ती खुशाल पाटावर बसून पान लावी. "वरड बाय, वरड. तू वरडलीस का मना बरा वाटतं. घरात कुनी हाय असं वाटतं." आई आतून हसत असे. तिचा मुलगा होडीवर होता, सून घरी, आणि सुनेला त्या वर्षी मुलगी झालेली होती. मावशीची पहिली नात. माशांपेक्षा नातीच्याच गोष्टी जास्त.

त्याच थंडीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यांवर माणसंच माणसं. मग लाठ्या, मग गोळ्या. गिरगावात काकांच्या दाराखालून एक शेजारी दूध आणायला म्हणून उतरले. मी लहान असताना मला पतंग करून देणारे. ते परत वर आले नाहीत. काकांनी चिठ्ठी पाठवली तेव्हा मी ती आईला वाचून दाखवली आणि पातेलं भिंतीवर आपटलं. कर्फ्यूमुळे काही दिवस ऑफिस बंद. मी दिवसभर खोलीत येरझाऱ्या घाली आणि सरकार ह्या शब्दापुढे जे जे लावता येतं ते लावी. आई म्हणाली, "अगं, तूही सरकारचीच नोकरी करतेस." त्यावर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ऑफिस उघडलं त्या दिवशी टेबलावर साचलेलं टपाल होतं. मी खळ शिजवून निवायला ठेवली आणि गठ्ठा सोडला. तिसऱ्या की चौथ्या पाकिटात लशीबद्दलची दुरुस्ती होती. चार ओळींची. शहरात देवीची साथ दिसू लागली आहे, सबब साथ संपेपर्यंत लशीची मुदत पुढे ढकलण्याचे दाखले देणे बंद. त्याआधी आजारी मुलांना काही आठवड्यांची सूट मिळत असे. त्या दाखल्यांवर आमच्या ऑफिसातले मोठे डॉक्टर आधीच सह्या करून ठेवीत, कारण ते फिरतीवर असत, आणि कोरे सही केलेले कागद माझ्या खणात असत. मी दुरुस्ती वाचली, कात्रीने कापली, पुस्तकातलं पान काढलं.

तेवढ्यात मावशी आली. पाटीशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कडेवर नात, हातात आमच्याच खात्याची नोटीस.

"बाय, ह्यो कागद आयलाय. पोरीला टोचायची म्हनतान." तिने नोटीस माझ्यापुढे ठेवली. "मी एकवीरेला बोललेय. चैतात पोरीला तिच्या पायावर घालीन, तोवर अंगाला लोखंड लावनार नाय. दोन म्हयन्यांचा तर सवाल हाय गो. लिवून दे काय ता."

पोरगी टेबलावर बसली. काळीभोर, कानात सोन्याचे बारीक ठिपके, खालचे दोन दात नुकते आलेले. मी बघते न बघते तोच तिने खळीच्या वाटीत हात घातला, तो पुस्तकाच्या उघड्या पानावर थापला आणि बोटं तोंडाकडे नेली. मोरचूद म्हणजे विषच. मी झटकन तिचा हात धरला आणि माझ्या पदराने एकेक बोट पुसलं. त्या खळीपासून मी तिला वाचवलं.

आता ह्यापुढचं मी स्वतःलाही हजार वेळा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी जरा बरं करून सांगितलं आहे. इथे तसं करणार नाही. मी ती दुरुस्ती वाचली होती. साथ आहे हे मला कळलं होतं. मावशीवर डाफरून, "वेडी आहेस का, आधी टोचून घे, देवीची माफी मी मागते," असं म्हणणं माझ्या स्वभावात अगदी बसत होतं. तसं मी दिवसाला दहा जणांना म्हणायची. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते दूध आणायला उतरलेले शेजारी होते. मला वाटलं, गोळ्या घालणारे हेच आणि सुई घेऊन दारात येणारेही हेच. ह्यांची सक्ती एका तरी घरावर चालू द्यायची नाही. ती माझ्या हातात आहे, नाही चालू देणार. एका सरकारवरचा राग मी आठ महिन्यांच्या पोरीच्या दंडावर काढला.

आणि पळवाट तर तयारच होती. दुरुस्ती टेबलावर होती, पुस्तकात नव्हती. अजून चिकटली नव्हती.

मी खण उघडला, सही केलेला कागद काढला आणि भरला. कारण: ताप व अशक्तपणा. मुदत चैत्राअखेर. पोरगी माझी दौत ओढत खिदळत होती. मी मावशीला कागद दिला आणि इतक्या गोड आवाजात बोलले की ती चमकली असावी. "जा मावशी, काही काळजी करू नकोस." ती गेली. मग मी ती दुरुस्ती चिकटवली. पानावर पोरीच्या बोटांचे खळीचे ठसे होते. ते पुसले तर शाई पसरेल म्हणून मी तसेच राहू दिले.

चारएक दिवसांनी देवी डॉक्टर आले. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "बाई, कोळीवाड्यात एका घरी दाखला दाखवला मला. तुमचं अक्षर. पोरीला ताप होता ना?"

"होता," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. दाखला असलेल्या घरी त्यांना सुई काढता येत नव्हती, आणि माझं अक्षर खोटं असेल असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. फौजदाराला कोण विचारणार?

फाल्गुनात दोन बुधवार मावशी आली नाही. आई म्हणाली, शिमगा जवळ आलाय, कोळीवाड्यात धामधूम असेल. मी हो म्हटलं. तिसऱ्या बुधवारी ती दारात आली, पाटी होती, पण तिने ती उतरवली नाही. आईने हात लावला तेव्हा कुठे खाली ठेवली.

"देवी आयल्या व्हत्या," ती म्हणाली. "गेली पोर."

आई मटकन खाली बसली. मी उभीच. मावशीच माझ्याकडे वळली. "तुजा कागद व्हता म्हनून बरा झाला, बाय. कुनी लोखंड लावलं नाय. माजा बोल ऱ्हायला. आईनं आपल्या हातानं उचलली, कोप करून नाय नेली." मग तिने पाटीतून एक पापलेटाची जोडी काढून माझ्यापुढे ठेवली. मी पैसे काढले तर माझा हात मागे सारला. "ह्ये तुला. तू माजं ऐकलंस."

त्या दिवशी आईने ते पापलेट तळलं. मी खाल्लं. दोन तुकड्या खाल्ल्या. एवढं आठवतं की आई जेवली नाही आणि मी जेवले. नाही म्हटलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं.

त्यानंतर चार वर्षं मावशी दर बुधवारी येत राहिली. मी भाव करायचं सोडलं. ती सांगेल ते द्यायची, मुकाट. तिने एकदा आईला विचारलं, "बाय आजारी हाय काय? वरडत नाय ती." ऑफिसात मात्र माझं तोंड दुप्पट सुटलं. सवलतीचे दाखले मी खणातून काढून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आपटले, सह्या समोर मूल बघून करा म्हणून. देवी डॉक्टर तेव्हा तिथेच होते. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

रात्री मला काही दिसायचं वगैरे नाही. दिसायचं ते भर दिवसा, ऑफिसात. ते पुस्तक कसंही उघडा, त्याच पानावर उघडे. खळीमुळे ते पान जाड झालं होतं, ताठ, बाकीच्या पानांत मिसळायचंच नाही. मला घटसर्पाचं कलम हवं असे आणि समोर येई ती चार ओळींची दुरुस्ती, आणि तिच्या कडेला चार बोटांचे निळसर ठसे. अंगठा उमटला नव्हता. मी पुस्तकावर जड पेपरवेट ठेवून बघितलं, दोरीने बांधून बघितलं. दोरी सोडली की पुन्हा तेच पान. शिपाई म्हणाला, "बाई, ह्या पानाला तुमचा लळा लागलाय."

एकदा शिवाजी पार्कवर सभेला गेले होते. लाखभर माणूस. घोषणा झाली आणि सगळ्यांनी एकदम हात वर केले. शर्टांच्या बाह्या खाली घसरल्या, बायकांचे दंड उघडे झाले, आणि मला जिकडे तिकडे खुणाच दिसायला लागल्या. गोल, चपट्या, दोन दोन. एवढ्या सगळ्यांना कोणीतरी कधीतरी धरून टोचलं होतं, रडवलं होतं, त्यांच्या आयांचं ऐकलं नव्हतं, म्हणून ते इथे हात वर करून उभे होते. माझा हात वर गेला नाही. शेजारची बाई म्हणाली, "अहो, घोषणा द्या की." मी गर्दीतून वाट काढत घरी आले.

मग महाराष्ट्र झाला. चाळीचाळीतून दिवे, तोरणं, पेढे. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात दुरुस्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले, कारण राज्याचं नाव बदललं आणि जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे तिथे नवं चिकटवायचं. ज्याच्यासाठी एवढी माणसं गेली ते नाव मी पान पान चिकटवत होते. मला आनंद व्हायला हवा होता. हात त्या जाड पानापर्यंत आले आणि थांबले. राज्याचं जुनं नाव नेमकं त्या ठशांच्या खाली होतं. पट्टी लावली तर दोन बोटं झाकली जाणार होती. पट्टी तशीच टेबलावर ठेवून मी घरी गेले.

दुसरा दिवस बुधवार. मावशी सकाळीच आली. पाटी नव्हती. कडेवर नातू, तीन महिन्यांचा, टोपडं घातलेला.

"बाय, तुज्याच हातानं व्हायला पायजे," ती हसत म्हणाली आणि कनवटीतून हळदीच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी सोडलं. माझा दाखला होता. कुंकवाने माखलेला, घड्यांवर फाटलेला. चार वर्षं तिने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. "असाच दे. औंदाचा चैत गेला, तवा ह्यो लय बारका व्हता. आता पुढल्या चैतात पायावर घालीन. तोवर लिवून दे."

पुढचा चैत्र म्हणजे जवळजवळ वर्ष. मधे एक अख्खी थंडी. कुंकवाखालून माझंच अक्षर दिसत होतं. ताप व अशक्तपणा.

मी ओरडले. आई भांडी टाकून बाहेर आली, शेजारची दारं उघडली. "नाही देणार," मी म्हटलं. "ह्याला आत्ताच्या आत्ता टोचायचं, ऐकतेस का? तुझ्या नातीला देवीने नेलं नाही. मी मारलं तिला. साथ आलीय, दाखले देऊ नका, असा कायदा माझ्या टेबलावर होता. मी वाचला होता. तिला ताप नव्हता, मी खोटं लिहिलं. टोचलं असतं तर आज ती ह्याला खेळवत असती." आणखीही बरंच बोलले. रडत होते की काय ते आठवत नाही. आई माझा हात धरून ओढत होती आणि मी तो सोडवून घेत होते.

मावशीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, ते मग सावकाश उतरलं. तिने दाखला माझ्या हातातून घेतला, फडक्यात नीट बांधला, कनवटीला लावला. पोराचं टोपडं सारखं केलं. मग जिना उतरली.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मी खरं बोलले म्हणून ती बिथरली असेल, आता आमच्या खात्याच्या माणसाला ती दारात उभं करणार नाही, म्हणजे हाही माझ्याच तोंडामुळे जाणार, हेच डोक्यात. गुरुवारी मी देवी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताप नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं, बाई. पोरगी माझ्यासमोर रांगत होती. मीही गप्प बसलो." मग म्हणाले, "मी जाऊन येतो." गेले, आणि दार बंद बघून परत आले.

शुक्रवारी दुपारी मावशी ऑफिसात आली. नातू कडेवर, सून मागे. माझ्याकडे न बघता तिने पोराला माझ्या टेबलावर टेकवून धरलं, जिथे तिची नात बसली होती तिथेच, आणि त्याची बाही वर सारली. खळीची वाटी मी उचलून खाली ठेवली. देवी डॉक्टरांनी स्पिरिटने दंड पुसला, लस लावली आणि टोचायची चक्री त्यावर दोनदा फिरवली. पोर काळंनिळं होऊन रडलं. सून तोंड फिरवून उभी होती. मावशी मात्र नीट बघत होती, किती वेळ लागतो ते मोजल्यासारखी. एवढंसंच होतं ते. पान लावायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

तिने पोराला उचललं, दंडावर फुंकर घातली. सून दारापर्यंत गेली. मावशी टेबलापाशी थांबली. पुस्तक उघडंच होतं, त्याच पानावर. तिला वाचता येत नव्हतं, पण ठसे वाचायला अक्षर लागत नाही. तिने आपली चार बोटं त्या चार ठशांवर ठेवली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मंग त्या दिवशी का नाय वरडलीस?"

तिने पानावरची बोटं उचलली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग गेली. त्यानंतरच्या बुधवारपासून आमच्याकडे दुसरी कोळीण येऊ लागली.